घरच्या संगणकाची कडी-कुलपं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या भाषणाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि दोन अटी घातल्या आहेत. एक, सोपं बोला. दोन, लोकांना घाबरवू नका. दोन्ही पाळायचा प्रयत्न करतो. मी एका बँकेच्या संगणक विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. पण इथल्या बहुतेकांना माझी ओळख वेगळी आहे. रविवारी सकाळी बेल वाजते आणि "जरा आमचा प्रिंटर बघता का?" असं विचारलं जातं, तो मी. त्यामुळे आपल्या सोसायटीतले निदान तीस-पस्तीस संगणक मी आतून पाहिलेत. आज जे बोलणार आहे, ते पुस्तकातलं कमी आणि आपल्या घरांत पाहिलेलं जास्त आहे.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. त्याच वर्षी, ४ मे २००० ला, जगभरच्या संगणकांवर एक ईमेल फिरलं. विषय होता 'आय लव्ह यू'. सोबत एक फाइल, 'तुमच्यासाठी प्रेमपत्र' अशा नावाची. नावाच्या शेवटी 'डॉट टीएक्सटी' दिसायचं, म्हणजे साधा मजकूर. पण त्याच्या पुढे आणखी तीन अक्षरं होती, 'व्हीबीएस'. म्हणजे तो मजकूर नव्हता, चालणारा प्रोग्रॅम होता. विंडोज ती शेवटची अक्षरं लपवत असे. लोकांनी प्रेमपत्र समजून उघडलं. प्रोग्रॅमने त्यांच्या फोटोंच्या फायली खराब केल्या आणि त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना तेच पत्र पाठवलं. ओळखीच्या माणसाकडून आलंय म्हटल्यावर पुढच्यांनीही उघडलं. हा उद्योग फिलिपिन्समधल्या एका तरुणाचा होता. त्यावेळी तिथे असा कायदाच नव्हता, त्यामुळे त्याच्यावर खटला टिकला नाही. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आज का सांगतोय? कारण गेल्या वर्ष-दोन वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येतात. पत्रिकेचं नाव असतं, आणि शेवटी 'डॉट एपीके' असतं. म्हणजे पत्रिका नाही, फोनवर चढणारं अ‍ॅप. कधी आरटीओचं चलन म्हणून येतं, कधी वीजबिल म्हणून. युक्ती तीच आहे, फक्त प्रेमपत्राची लग्नपत्रिका झाली! म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: फाइल कोणाकडून आली यापेक्षा तिच्या नावाची शेवटची अक्षरं काय आहेत ते बघा. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. एपीके किंवा ईएक्सई असेल तर हात लावू नका, मग ती सख्ख्या मावशीकडून आलेली का असेना. मावशीचा फोन आधीच गेलेला असू शकतो. संगणकावर ही अक्षरं दिसावीत म्हणून फायलींची खिडकी उघडा, वर 'व्ह्यू'मध्ये जा आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. एका मिनिटाचं काम आहे.

आता एकेक कडी-कुलूप बघू.

१. अपडेट

आपण लिफ्टचं वार्षिक कंत्राट देतो. लिफ्ट चालू असतानाही महिन्याला माणूस येऊन तपासून जातो. "चालतेय ना, मग कशाला?" असं कोणी सर्वसाधारण सभेत म्हणत नाही. (म्हणजे एकदा म्हटलं होतं, ते इतिवृत्तात आहे.) संगणकाचं अपडेट म्हणजे हेच. विंडोजमध्ये, ब्राउझरमध्ये भोकं सापडत राहतात आणि ती बुजवण्याचा माल कंपनी फुकट पाठवते. आपण 'नंतर आठवण करा' हे बटण दाबत राहतो.

याची किंमत जगाने २०१७ मध्ये मोजली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला एका भोकासाठी अपडेट दिलं. १२ मे रोजी त्याच भोकातून 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्रॅम शिरला. तो संगणकातल्या सगळ्या फायलींना कुलूप लावायचा आणि उघडून द्यायचे ३०० डॉलर मागायचा. सुमारे दीडशे देशांत तो पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. मधे जवळजवळ दोन महिने होते! ज्यांनी अपडेट घेतलं होतं, त्यांच्या संगणकात त्याला त्या भोकातून शिरता आलं नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. विंडोज १० ची मुदत गेल्या १४ ऑक्टोबरला संपली. मी पाहिलेल्या संगणकांपैकी निम्म्याहून जास्त विंडोज १० वर आहेत. घोटाळा असा आहे की मुदत संपली तरी संगणक बंद पडत नाही. काल चालत होता तसाच आज चालतो. फक्त नवीन सापडलेली भोकं आता बुजवली जात नाहीत. यावर तीन उपाय आहेत. संगणक विंडोज ११ झेपणारा असेल तर ते घ्या, ते फुकट आहे. 'सेटिंग्ज'मधल्या 'विंडोज अपडेट'च्या पानावर तुमचा संगणक चालेल की नाही ते लिहिलेलं असतं. चालत नसेल, तर त्याच पानावर जादा मुदतीसाठी नाव नोंदवता येतं. त्याने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज त्याला जोडल्या तर पैसे पडत नाहीत. तिसरा उपाय म्हणजे जुन्या संगणकावर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली टाकणं. ईमेल, बातम्या, यूट्यूब, पत्रं टाईप करणं एवढंच काम असेल तर ती पुरते. सी विंगमधल्या दोन घरांत मी टाकून दिली आहे, आणि त्यांचा एकदाही फोन आलेला नाही. (प्रिंटरसाठी आला, पण तो धरायचा नाही.)

२. पासवर्ड

इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या पासवर्डमध्ये मुलाचं किंवा नातवाचं नाव आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. नाव आणि जन्मवर्ष, नाव आणि वन टू थ्री, हे पासवर्ड चोराचा प्रोग्रॅम पहिल्या काही सेकंदांत वापरून बघतो. नातवाचा वाढदिवस तर आपण फेसबुकवर फोटोसकट जाहीर केलेला असतो.

चांगला पासवर्ड म्हणजे विचित्र चिन्हांचा नव्हे, लांब. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. उदाहरणार्थ, जिना, लिंबू, रविवार, छत्री. इंग्रजी अक्षरांत एकापुढे एक लिहा. लक्षात राहतो आणि फोडायला महाकठीण. आता कृपा करून सगळ्यांनी 'जिना लिंबू रविवार छत्री' ठेवू नका. शब्द तुमचे हवेत. आणि गाण्याची किंवा आरतीची ओळ नको, ती सगळ्यांना पाठ असते.

दुसरं, एकच पासवर्ड सगळीकडे नको. समजा एखाद्या किरकोळ दुकानाच्या वेबसाइटवरून पासवर्डांची यादी चोरीला गेली. चोर तेच ईमेल आणि तोच पासवर्ड तुमच्या जीमेलला लावून बघतो. एका किल्लीने फ्लॅट, तिजोरी आणि स्कूटर तिन्ही उघडत असतील तर एक किल्ली हरवल्यावर काय होईल, तेच.

एवढे लक्षात कसे ठेवायचे? पासवर्ड सांभाळणारे प्रोग्रॅम असतात, ते वापरता आले तर उत्तम. नाही तर सरळ वहीत लिहा. हो, वहीत. बँकेत असताना मी हे म्हणालो असतो तर नोकरी गेली असती. पण घरची गोष्ट वेगळी आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या चोराला तुमचं गोदरेजचं कपाट उघडता येत नाही. फक्त ती वही कपाटात ठेवा, संगणकाच्या पडद्याला चिकटवू नका, आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला ती कुठे आहे ते सांगून ठेवा. उद्या आपल्याला काही झालं, तर मागच्यांना विजेचं बिल भरायलाही पासवर्ड लागतो.

आणि ईमेलला दुहेरी कुलूप लावाच. 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' म्हणतात ते. पासवर्ड टाकल्यावर फोनवर आणखी एक आकडा येतो. ईमेललाच आधी का? कारण बाकी कुठलाही पासवर्ड विसरलात की नवा ईमेलवरच येतो. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं घर. तिथे नोंदवलेला मोबाइल नंबर आजचाच आहे ना, तेही बघा. दोन घरांत मला आठ-दहा वर्षांपूर्वी बंद केलेले नंबर सापडले.

३. वायफाय

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारं एक ईमेल वाहिन्यांना गेलं. पोलिसांनी माग काढला तर तो कुठे लागला? आपल्यापासून लोकलने अर्ध्या तासावर, सानपाड्यातल्या एका इमारतीत राहणाऱ्या परदेशी गृहस्थांच्या घरी. त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचं वायफाय नीट बंद केलेलं नव्हतं, ते वापरून दुसऱ्याच कोणीतरी ईमेल पाठवलं होतं. पण हे सिद्ध होईपर्यंत त्यांना चौकशीला तोंड द्यावं लागलं. ते घर आपल्यासारख्याच एका इमारतीतलं होतं. वायफायला भिंत कळत नाही. माझ्या बैठकीत बसून मला वरच्या, खालच्या आणि शेजारच्या मिळून अकरा घरांची नावं दिसतात.

आपल्याकडे इंटरनेट जोडायला येणारा मुलगा घाईत असतो. पासवर्ड म्हणून तुमचा मोबाइल नंबर टाकतो आणि निघून जातो. तो नंबर सोसायटीच्या यादीत छापलेला आहे. तेव्हा वायफायचा पासवर्ड बदला. दुसरा पासवर्ड असतो तो राउटरचा स्वतःचा. तो बऱ्याच घरांत 'अ‍ॅडमिन' हाच असतो. राउटरच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असतो, तो ब्राउझरमध्ये टाकला की आत जाता येतं. तिथे हा पासवर्ड बदला, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ आहे ना ते बघा, आणि 'डब्ल्यूपीएस' नावाची सोय बंद करा. वायफायच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालू नका, ती दारावरची पाटी नाही. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' वायफाय वेगळं करता येतं, तेही करा. म्हणजे मुलांच्या दहा मित्रांना खरा पासवर्ड द्यायला नको.

४. कोणाच्या नावाने संगणक चालवता?

हे कोणी करत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. संगणकावर दोन तऱ्हेची खाती असतात. एक मालकाचं, म्हणजे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. दुसरं वापरणाऱ्याचं, म्हणजे 'स्टँडर्ड'. रोजचं काम स्टँडर्ड खात्यातून करा. मग एखादा वाईट प्रोग्रॅम आला तरी त्याला मालकीहक्काची कामं करायला पासवर्ड मागावा लागतो. घरात शाळा-कॉलेजातली मुलं असतील तर हे फारच उपयोगी आहे. खेळाची फुकट कॉपी, पैसे न भरता चालणारं सॉफ्टवेअर, यांच्याबरोबर काय काय येतं ते मी पाहिलंय. मुलांना ओरडू नका, त्यांचं खातं स्टँडर्ड करा.

५. दुसरी प्रत

समजा वरचं सगळं करूनही फायलींना कुलूप लागलं, किंवा नुसती हार्डडिस्कच मेली. तीही मरतेच, पाच-सात वर्षांनी. मग उपाय एकच, आधी काढून ठेवलेली दुसरी प्रत. नियम सोपा आहे: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या जागी साठवलेल्या, त्यातली एक घराबाहेर. बाहेरची हार्डडिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, प्रत काढा आणि काढून ठेवा. जोडून ठेवलीत तर कुलूप लावणारा प्रोग्रॅम तिलाही लावतो. घराबाहेरची प्रत म्हणजे गूगल ड्राइव्हसारखी सोय, किंवा लेकीच्या घरी ठेवलेली दुसरी डिस्क. फक्त ड्राइव्हवर विसंबू नका. इथे खोडलं की तिथेही खोडलं जातं, अशी बऱ्याच जणांची मांडणी असते.

दिवस कुठला धरायचा? मेंटेनन्स भरायचा. तो भरला की डिस्क जोडायची. जे मेंटेनन्स वेळेवर भरत नाहीत, त्यांच्याशी खजिनदार बोलतील!

आणि सहा महिन्यांनी एकदा त्या डिस्कवरचे दोन-चार फोटो उघडून बघा. उघडत नसतील तर ती प्रत नव्हेच. कागदपत्रं पुन्हा काढता येतात. सातबारासुद्धा पुन्हा मिळतो. आईच्या आवाजातलं रेकॉर्डिंग पुन्हा मिळत नाही.

६. पडद्यावरचा भोंगा

आता एक घडलेली गोष्ट. ज्यांची आहे, त्यांची परवानगी घेऊन सांगतोय. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाव नको, पण आकडा सांग. आकडा ऐकल्याशिवाय लोक जागे होत नाहीत."

आपल्यातलेच एक काका. सत्तरी ओलांडलेले, हिशेबाला पक्के. एके दुपारी ते रेल्वेचं वेळापत्रक शोधत होते. अचानक सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' खाली मायक्रोसॉफ्टचं चिन्ह. काकांनी फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता, दर वाक्याला 'सर'. त्याने एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला, ज्याने तिकडे बसून इकडचा संगणक चालवता येतो. मग काळ्या पडद्यावर भराभर अक्षरं दाखवली, "बघा सर, किती व्हायरस." मग म्हणाला, "तुमचं बँक खातं सुरक्षित आहे ना ते तपासून घेऊ, लॉगिन करा." काकांनी केलं. पडदा काही मिनिटं काळा झाला. "ओटीपी आला असेल सर, तो फक्त खात्री करण्यासाठी आहे." दोन लाख ऐंशी हजार रुपये गेले.

पैसे गेल्याचं काकांना त्याच संध्याकाळी कळलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. काकूंना नाही, पुण्यातल्या मुलाला नाही. चार दिवस ते जेवायला बसायचे आणि उठायचे. पाचव्या दिवशी काकूंनी मला बोलावलं, "यांना जरा बघा, तब्येत बरी नाही वाटत." तेव्हा सगळं बाहेर आलं. आम्ही बँकेत गेलो, तक्रार नोंदवली. पण पाच दिवसांत ते पैसे कुठल्या कुठे पोहोचले होते. मी त्यांना विचारलं, लगेच का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "मुलगा म्हणाला असता, तुम्हाला एवढं कसं कळलं नाही."

म्हणून इथल्या तरुण मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. घरातल्या मोठ्यांनी असं काही सांगितलं तर पहिलं वाक्य 'असं कसं केलंत?' हे नको. पहिलं वाक्य 'बरं झालं लगेच सांगितलंत' हे हवं. हे लोक रोज शेकडो माणसांना फसवतात, तो त्यांचा धंदा आहे, त्यांचं पाठांतर झालेलं असतं. फसणारा मूर्ख नसतो. काका तर आपल्या सोसायटीचे पहिले हिशेब हाताने लिहिणाऱ्यांतले. त्या दिवसापासून त्यांनी संगणक उघडलेला नाही. पैशांपेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं.

आता अशा वेळी काय करायचं ते नीट ऐका. तो लाल पडदा म्हणजे फक्त एक वेबपान असतं, पूर्ण पडदाभर पसरलेलं. संगणकात व्हायरस असेलच असं नाही. ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबा. नाही गेलं तर पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, संगणक बंद होईल. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर 'जुनी पानं उघडू का?' विचारेल, नाही म्हणा. संपलं. मायक्रोसॉफ्ट अशा पडद्यावर फोन नंबर देत नाही. बँकेचा नंबर हवा असेल तर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. आणि बँकेची वेबसाइट उघडताना पत्ता बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपले पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितले आहेत. पत्त्याचा शेवट तसा आहे का ते तपासा. शेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी, असं नाही. चोरालाही ते कुलूप मिळतं.

आणि चुकून कोणी आत शिरलंच, तर या क्रमाने: इंटरनेटची वायर काढा किंवा राउटर बंद करा. बँकेला फोन करा. लगेच १९३० ला फोन करा, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. लवकर कळलं तर पैसे मधल्या खात्यांत असतानाच गोठवता येतात. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते. मग दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला, आधी ईमेलचा. एसएमएस, फोन नंबर, पडद्याचे फोटो काहीही खोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या चुकीने झालेल्या व्यवहारांबद्दलही एक गोष्ट स्पष्ट आहे: तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जो व्यवहार होईल, त्याचा तोटा बँकेने सोसायचा. म्हणजे गप्प बसण्याची किंमत मिनिटागणिक वाढते.

७. आपलं ऑफिस

शेवटचा मुद्दा सोसायटीच्या ऑफिसमधल्या संगणकाचा. कमिटीला आधी सांगून मगच इथे बोलतोय, त्यामुळे सेक्रेटरी शांत आहेत. त्या संगणकात आपल्या सगळ्यांचे फोन नंबर, वारसांची नावं, भाडेकरूंच्या आधारच्या प्रती आणि पंचवीस वर्षांचे हिशेब आहेत. त्याचा पासवर्ड गेल्या महिन्यापर्यंत पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर होता. आता चिठ्ठी गेली आहे, मॅनेजरचं आणि खजिनदारांचं खातं वेगळं झालंय, आणि दर महिन्याला प्रत काढायचं ठरलंय. एक काम राहिलंय: जे भाडेकरू सोडून गेले, त्यांची कागदपत्रं किती काळ ठेवायची ते ठरवणं. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी माझी सूचना आहे. आणि तुम्हीही कुठे आधार देताना शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्या, ती आधारच्या वेबसाइटवर मिळते.

श्रोत्यांचे काही प्रश्न

"आमच्या संगणकात चोरण्यासारखं काही नाही. मग आम्ही कशाला काळजी करायची?"

चोराला तुमचा संगणकच हवा असतो. तो ताब्यात घेऊन त्यावरून दुसऱ्यांवर हल्ले करतात, हजारो खोटी ईमेलं पाठवतात. मालकाला फक्त 'आजकाल स्लो झालाय' एवढंच वाटतं. असे संगणक साफ करायला केंद्र सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' आहे, २०१७ पासून. त्यांच्या वेबसाइटवर तपासणीची साधनं फुकट मिळतात.

"अँटीव्हायरस विकत घ्यावा का?"

विंडोजबरोबर येणारा 'डिफेंडर' घरच्या कामाला पुरेसा आहे, तो चालू आहे ना तेवढं बघा. विकतचा घेतलात तरी हरकत नाही, पण एका वेळी एकच. आणि मुदत संपलेला ठेवू नका. मुदत संपलेला अँटीव्हायरस म्हणजे झोपलेला वॉचमन.

"जुना लॅपटॉप भंगारवाल्याला दिला तर चालेल का?"

फायली खोडून, कचऱ्याची टोपली रिकामी करूनही त्या परत काढता येतात. 'रिसेट धिस पीसी' करताना सगळं काढून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. संगणक सुरूच होत नसेल तर आतली डिस्क काढून घ्या आणि बाकीचा द्या. दुरुस्तीला देतानाही आधी प्रत काढा आणि बँकेच्या खात्यांतून बाहेर पडा.

"एवढं सगळं एका दमात जमणार नाही. सुरुवात कुठून करू?"

आज घरी जाऊन ईमेलला दुहेरी कुलूप लावा. या शनिवारी अपडेट बघा. पुढच्या शनिवारी फोटोंची प्रत. वायफायसाठी मला बोलवा, मी येईन. जानेवारीपासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी इथेच बसणार आहे. लॅपटॉप घेऊन या, जुन्यातला जुना चालेल. कॉलेजातल्या दोन मुलामुलींनीही मदतीला यायचं कबूल केलंय. प्रश्न किती साधा आहे याचा विचार करू नका. आणि ज्येष्ठांनो, काही विचित्र दिसलं, कोणाचा फोन आला, तर काही करण्याआधी माझी बेल वाजवा. रात्री साडेदहापर्यंत चालेल.

प्रिंटरसाठी मात्र रविवार.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.